मागून हाक मारू नये

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक बूट हरवला. माझ्या मुलाचा, निखिलचा, डाव्या पायातला. पुण्याला निघायची वेळ, गाडीत सामान भरून झालेलं, सूनबाई पुढच्या सीटवर बसलेल्या, आणि हा पडवीत एका पायात बूट घालून लंगडीच्या डावात उभा राहिल्यासारखा.

"आई, माझा बूट बघितलास का गं?"

"मी कशाला बघू तुझा बूट? कुत्र्याने नेला असेल."

कुत्रा आमचा नाहीच, शेजारच्या वहिनींचा. इतका म्हातारा झालाय की बिचाऱ्याला स्वतःची ताटली सापडत नाही. पण आळ घ्यायला तेवढाच एक जण हाताशी होता.

बूट कुठे होता ते मला पक्कं ठाऊक होतं. ते सांगण्याआधी मात्र चपलांबद्दल सांगायला हवं, कारण ही युक्ती माझी नव्हे. ती मी एका चार वर्षांच्या मुलीकडून घेतली. आणि खरं तर शिकवायला मी गेले होते तिला.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. राहायला रत्नागिरीत, काम देवरूखच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर. वाडीतल्या सेविकेने मुलं सांभाळायची, मी सेविकांना सांभाळायचं, आणि मला सांभाळायला एसटी. लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा. ते होतंच. पण आणखी एक काम होतं, जे कुठल्या काट्यात बसायचं नाही. मूल रडतं, चावतं, घाबरतं, दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेतं, तेव्हा घरच्यांनी काय करायचं, हे घरोघर जाऊन बोलायचं. पडवीत बसायचं, पाणी प्यायचं आणि विषय काढायचा. पडवीतली माणसं मनापासून हसायची. "रडताय? मग रडूंदे की. पोर हाय, रडणारच!" अर्धा डझन मुलं वाढवलेल्या बायांना रडण्याचा अर्थ समजावायला मी जायची, स्वतःचं एकुलतं एक पोर सासूबाईंच्या पदरात टाकून. माझी मला आता गंमत वाटते, तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी फार महत्त्वाची बाई होते.

कशी दिसायची तेही सांगते. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला शबनम, डोळ्यांवर काळा गॉगल. प्रशिक्षणात ऐकलेले "भावनिक विकास", "सामाजिक समायोजन" असले शब्द तोंडात सुपारीसारखे घोळवत मी वाडीत शिरले की मुलं चिडीचूप व्हायची. एक मूल हलायचं नाही. मी अहवालात लिहिलं, "शिस्त उत्तम." पुढे कितीतरी दिवसांनी एका पडवीत कानावर आलं, "खातोस का बोलवू गॉगलवालीला? सुई हाय तिच्या पिशवीत!" पोराने तांदळाची भाकरी न चावता गिळली. मी दाराआड उभी. मुलांच्या मनातली भीती घालवायला सरकारने नेमलेली बाई हीच वाडीतली सगळ्यात मोठी भीती होती. गॉगल त्या दिवशी पिशवीत गेला तो पुन्हा बाहेर आला नाही. पिशवी मात्र मुलांना उघडून दाखवावी लागली. प्रत्येक वाडीत, तळापर्यंत.

त्यानंतर मी बोलणं कमी केलं आणि बघायला शिकले. सकाळी अंगणवाडीच्या दारात उभं राहायचं. आई मुलाला सोडून वळते, तो क्षण बघायचा. आई गेली की जे मूल भोकाड पसरतं आणि आई परत आली की धावत जातं, त्याची काळजी करायची नाही, फक्त कानात कापूस घालायचा. काळजी करायची ती जे मूल आई गेली तरी बघत नाही आणि आली तरी बघत नाही त्याची. ते मूल शहाणं नसतं. त्याने आशा सोडलेली असते. तिन्हीसांजेला परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी अशी मुलं आठवत बसायची. माझ्या कामात सोबत म्हणून कुणी नसे. डबा कातळावर एकटीने खायचा, थांब्यावर एकटीने उभं राहायचं. बोललेलं सगळं मागे वाडीत राहायचं आणि न बोललेलं माझ्याबरोबर घरी यायचं.

तर, चपला.

एका वाडीत मंगल नावाची सेविका होती. मोठी हसरी बाई. एकदा गेले तर चेहरा पडलेला. म्हणाली, "बाई, आमच्याकडं चोरी होतेय. चपलांची. पण एकेकच जाते."

"एकेक म्हणजे?"

"जोडातली एक. दुसरी तिथंच. मदतनीस आठ दिवस एक रबरी आणि एक चामडी घालून फिरते."

मी हसले आणि तपासणी उरकली. निघताना बाहेर आले तर माझीही एकच चप्पल. नवी, पट्ट्याची, रत्नागिरीच्या बाजारातून हौसेने घेतलेली. सगळ्यांनी शोधलं. बसची वेळ झाली तेव्हा मी मंगलच्या सपाता पायात सरकवल्या. त्या मला दोन बोटं लहान. टाच बाहेर, टाचेखाली दुपारचा कातळ. इस्त्रीची साडी सावरत मुख्यसेविका टणाटण उड्या मारत थांब्यापर्यंत गेल्या.

पुढच्या खेपेला चोर सापडला होता. दूर्वा. चार वर्षांची, काळीसावळी, केसांचा टोप. ती आत मुलांत बसायचीच नाही. उंबऱ्याशी चपलांजवळ बसून राहायची आणि कुणाचं लक्ष नसलं की एक चप्पल उचलून कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवायची. माझी चप्पलही तिथेच मिळाली. तिच्यावर कोंबडी बसलेली होती आणि उठायला तयार नव्हती.

मी लगेच निदान केलं, "लक्ष वेधून घेण्याची वृत्ती." उपायही तयार होता. पुठ्ठ्याच्या ताटल्यांवर चेहरे काढले, एक हसरा, एक रडका, एक रागावलेला. दूर्वासमोर धरले. "दूर्वा, आज तुला कसं वाटतंय? दाखव बरं." तिने तिन्ही चेहरे नीट बघितले, रडका घेतला आणि बाहेर जाऊन त्यात कोंबडीला दाणे घातले. मी मंगलकडे बघितलं. मंगल छपराकडे बघत होती.

त्या दिवशी दूर्वाच्या घरी गेले. दूर्वाची आई वैशाली नाचणी पाखडत होती. सासू भागीरथी, जिला सारी वाडी भागीआजी म्हणायची, ती भिंतीला टेकून पान कुटत होती. नवरा सुरेश मुंबईत छापखान्यात. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, तेवढाच बाप.

वैशालीने सूप खाली ठेवलं. "बाई, चपलांचं सोडा. पोर हाक मारत नाय, त्याचं बघा."

"म्हणजे बोलत नाही?"

"बोलते. घरात, हळू. पण हाक नाय. मी लागले तर येऊन पदर ओढते. लांबून 'आये' म्हणून हाक नाय मारत कुणाला." मग तिने अंगणाच्या दगडी कुंपणाकडे, गडग्याकडे, हात केला. "परवा गडग्याच्या चिऱ्यांत पाय अडकला तिचा. दुपारभर तशीच बसून. मी हिकडनं तिकडनं हाका मारत फिरतेय, आणि ही गडग्यापलीकडं, हाताच्या अंतरावर. ऐकत होती. ओ देईना. बाई, उद्या पऱ्याला पाणी आलं आणि त्यात पडली, तर बुडेल पण हाक नाय मारायची."

पाखडलेल्या नाचणीवर कोंबड्या आल्या तरी तिने हाकलल्या नाहीत.

"कधीपासून असं?"

वैशालीने सासूकडे बघितलं. भागीआजीने खलबत्ता बाजूला केला.

"मी सांगतंय. गणपती करून सुरेश निघाला. आमी पोरीला शेजारी वासरू बघायला धाडली व्हती. नेहमीच धाडतो. बापूस जाताना दिसला तर आकांत करते. पन मेली सुटून आली. हा पाखाडीच्या पायऱ्यांनी वर चाललेला, आनि हिनं मागनं हाक मारली, 'बाबाऽऽ!' केवढ्यानं! मी धावत जाऊन तोंड दाबलं तिचं. पन व्हायचं ते झालं. गाडी घाटात बंद पडली. हा उशिरा पोचला. मालकानं कामावरनं काढलान. आता कुठं दुसऱ्या छापखान्यात लागलाय."

"अहो आजी, गाडी काय हाकेने बंद पडते?"

"तुमची पडत नाय, कारन तुमी जाताना मी कदी मागनं हाक मारली नाय."

ह्यावर मी जे व्याख्यान दिलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. अंधश्रद्धा, विज्ञान, बालमन, सगळं आलं त्यात. भागीआजीने ते पान चघळत शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाली, "दमलाव. च्या घ्या."

चहा घेताना मग हळूहळू उलगडत गेलं. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे सगळेच मानतात, मी स्वतःही मानत होते. व्याख्यान देताना विसरले होते इतकंच. हाक मारायची नाही म्हणून पोरीला दिसू द्यायचं नाही. दिसू द्यायचं नाही म्हणून सांगायचं नाही. "बाबा दुकानात गेला, गोळ्या आणतो," असं सांगायचं, आणि गोळ्या आणायला गेलेला बाप शिमग्याला उगवायचा. दूर्वाच्या हिशेबाने कुठलंही माणूस कुठल्याही क्षणी दुकानात जाऊन सहा महिने गायब होऊ शकत होतं. त्याला थांबवायला तोंड वापरलं तर तोंड दाबलं जातं. उरले हात. म्हणून एक चप्पल. एका चपलेने कुणी लांब जात नाही.

वृत्ती-बित्ती काही नव्हती. ती पोर तिच्या परीने आम्हा सगळ्यांना घरी ठेवत होती. माझ्यासकट. त्या वाडीत मी परत यावं असं वाटणारं एक तरी माणूस होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शिमगा आला. पालखी घरोघर नाचली, सुरेश आला, तसा जायचा दिवसही ठरला. मी आदल्या दिवशी मुद्दाम वाडीत मंगलकडे मुक्काम टाकला. संध्याकाळी सगळ्यांना पडवीत बसवलं. सुरेश हा धिप्पाड माणूस, हाताला छापखान्याची शाई कायमची बसलेली.

"सुरेश, ह्या वेळी तिला सांगून जायचं."

"म्याडम, आई नाय म्हणते..." मग मान खाली घालून, "आणि खरं सांगू, मीच चोरासारखा पळतो. तिचं तोंड बघितलं की माझं पाऊल उचलत नाय."

"म्हणून तर सराव करायचा. मी दूर्वा. सांगा मला."

मी पडवीत फतकल मारून बसले. चाळिशीची बाई, दूर्वा झाले. दूर्वा खुद्द खांबाआडून बघत होती. सुरेशने घसा खाकरला. "बाय, मी उद्या दुकानात..."

"दुकान नाही!"

"मी उद्या मुंबईला चाललो. लवकर येतो."

"लवकर म्हणजे कधी? मुलाला लवकर कळत नाही. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी सांगा. तुम्ही गणपतीला येणार. तेव्हा अंगणात काय असतं?"

त्याने अंगणाकडे बघितलं. उन्हाळ्याचं अंगण, नुसती लाल माती. "तेरडा असतो. त्या कडेला. गौरीला काढतो तो."

"मग तेच सांगा."

"बाय, मी मुंबईला चाललो. कामाला. तेरडा फुलला की येतो," असं म्हणून तो बाप्या माझ्याकडे बघून ढसाढसा रडायला लागला.

भागीआजी म्हणाली, "ह्या म्याडमला बघून रडतोस, उद्या पोरीसमोर काय करशील रे?" आणि स्वतः पदराने नाक पुसलं.

पण हाकेचा प्रश्न राहिलाच होता. म्हातारी काही केल्या हटेना. पोरीला समोर आणा, सांगा, रडवा, काय हवं ते करा, पण तो पाखाडी चढायला लागला की मागून आवाज यायचा नाही. नाहीतर हे कामही जाईल. तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. मुलाच्या मुलीला ती छळत नव्हती, मुलाला वाचवत होती.

मी व्याख्यान दिलं नाही. विचारलं, "आजी, मागून नको. पुढून?"

"पुढनं कोन हाक मारील? जानाऱ्याच्या पुढं कोन असतं?"

"निघताना भरली कळशी घेऊन कुणी समोरून आलं तर?"

"तो चांगला शकून."

"पोरीने आणली तर?"

भागीआजीचं चघळणं थांबलं. पान तोंडात तसंच. मग म्हणाली, "पोरीनं आनली तर आनखी चांगला. कळशी जड व्हईल. तांब्या देऊ." आणि उठून तांब्या चिंचेने घासायला बसली.

सकाळी वैशाली दूर्वाला घेऊन आधीच वर गेली. आमच्याकडे पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. वाडी खाली, एसटीचा रस्ता वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळपठारावर. घरात सुरेश निघायला उठला तर एकच चप्पल. म्हातारीने खुराडं धुंडाळलं, मंगलने पेंढा उपसला. "जाऊंदे," सुरेश म्हणाला, आणि तसाच निघाला, एक पाय चपलेत, एक पाय दगडावर. मागे आम्ही तिघी. भागीआजीने दोन्ही ओठ घट्ट मिटलेले, जणू स्वतःच्याच तोंडातून हाक निघेल ही धास्ती.

पाखाडीच्या टोकाला दूर्वा उभी होती. पुढून. दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरलेला, पाणी हिंदकळून झग्याचा पुढा भिजलेला. सुरेश तिच्या दोन पायऱ्या खाली थांबला, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली. त्याने आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. मुंबई, काम, तेरडा. आवाज फाटला, पण सांगितलं.

दूर्वाने तांब्या खाली ठेवला. झग्याच्या आत हात घातला आणि चप्पल काढली. त्याच्या पायाशी ठेवली, उलटी होती ती सरळ केली.

"घाल," ती म्हणाली. "पाय भाजेल."

मग बस आली. सुरेश चढला. घंटी वाजली. आणि बस हलल्यावर, सड्यावरच्या वाऱ्यात, ती पोर ओरडली, "बाबाऽऽऽ!"

मागून. अगदी मागून.

कितीतरी महिन्यांची साठलेली हाक होती ती. बसच्या मागच्या खिडकीतून सुरेशचा हात बाहेर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला. दूर्वा तोंड उघडं टाकून रडत होती आणि वैशाली तिला उचलून स्वतःही रडत होती. मी भीतभीत भागीआजीकडे बघितलं. तिचा हात वर उठला होता, पोरीच्या तोंडाकडे जायला. तो अर्ध्यावर थांबला. मग तिने तो हात आपल्याच डोक्यावरचा पदर सारखा करायला वापरला.

"आजी," मी म्हटलं, "ती हाक..."

"कसली हाक?" ती म्हणाली. "मना तर काय ऐकू आलं नाय."

कोंबडीने तिसऱ्या घरात अंडं घातलं तरी जिला ऐकू यायचं, ती बाई.

त्या दिवशी ती वाडीतल्या एकमेव फोनपाशी, दुकानाच्या पायरीवर, सुरेश पोचल्याचा निरोप येईपर्यंत जेवली नाही. गाडी बंद पडली नव्हती. त्याचं कामही राहिलं. पडली असती तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. आमच्या कामात असा थोडा नशिबाचा भाग असतो आणि तो अहवालात लिहीत नाहीत.

चपला एकदम थांबल्या नाहीत. पण दूर्वा उंबऱ्यावरून आत सरकली, आधी दारालगत, मग मुलांत. पावसाळ्यात मंगल सांगायची की रोज सकाळी ती तेरड्यापाशी उकिडवी बसून बघून येते. तेरडा फुलला. सुरेशला यायला त्यानंतर जरा वेळच लागला, पण आला. ती पाखाडीच्या मध्यावर असतानाच हाका मारत सुटली, आणि तो पुढूनच येत असल्यामुळे भागीआजीचीही काही तक्रार नव्हती.

मला मात्र त्या घराने वेगळीच सवय लावली. मी निघाले की म्हातारी गुडघे धरत माझ्याआधी पाखाडी चढायची आणि वरून भरला तांब्या घेऊन समोर यायची. "अहो आजी, कशाला?" म्हटलं की म्हणायची, "तुमीपन कुनाची तरी पोरच." एवढ्या वर्षांच्या नोकरीत, एवढ्या वाड्यांत, मला निरोप द्यायला थांब्यापर्यंत आलेलं हे एकच माणूस. ती गेली तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि मला उशिरा कळलं. दूर्वा आता मुंबईतच नोकरी करते. तिचा आवाज वाडीत सगळ्यात मोठा आहे, असं वैशाली कौतुकाने की तक्रारीने, पण सांगते.

आता बूट.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरात मी, आणि खिडकीसमोर ह्यांनी लावलेलं हापूसचं कलम. निखिल वर्षातून एकदोनदा येतो. गुणी मुलगा आहे. आईला वाईट वाटू नये म्हणून तो जपून निघतो. म्हणजे मी आंघोळीला गेले की. किंवा देवाशी बसले की. बाहेर येते तो गाडी सुरू. "आई, निघतो गं, तू येऊ नको बाहेर, ऊन आहे! लवकरच येतो!" मागच्या दिवाळीत तर मी झोपेत असतानाच सगळी निघून गेली. उठले तर दार ओढून घेतलेलं, कप धुऊन पालथे, आणि पलंगाच्या पायथ्याशी चादरींच्या घड्या. इतक्या नीट की तिथे कुणी झोपलंच नव्हतं असं वाटावं. मी त्यातली एक चादर उलगडून तशीच टाकून ठेवली. आठवडाभर.

जन्मभर लोकांना सांगत फिरले, "सांगून जा, चोरून जाऊ नका," आणि माझ्या घरातून माझाच मुलगा सुरेशसारखा पळत होता. त्याला सांगू कशी? मी काय चार वर्षांची आहे? चार वर्षांची असते तर कुणीतरी मुख्यसेविका आली असती.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी आंघोळीला गेले ती नुसतं पाणी सोडून बाहेर आले, आणि पडवीतला डावा बूट उचलून मागच्या खोलीत आंब्यांच्या अढीत, पेंढ्याखाली सरकवला. वळले तर दारात मुग्धा. माझी नात, पाच वर्षांची.

"आजी," ती म्हणाली, "अढीत ठेवल्यावर बूट पिकतो का?"

"बघूया," मी म्हटलं. "कुणाला सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. फक्त पडवीत शोधाशोध चालू झाली तशी ती जाऊन अढीसमोर हात पसरून उभी राहिली, आणि त्यामुळे निखिलला तिथेच आधी बघावंसं वाटलं. बूट बाहेर निघाला तो आंब्याच्या वासाचा, नाडीत काडी अडकलेली.

"आई! हे काय वय आहे का तुझं?"

"आहे. बैस इथे. कधी येणार परत?"

"लवकरच."

"लवकर म्हणजे काय दिसेल तेव्हा?"

तो खाली बसला. एका हातात बूट. बाहेर सूनबाईंनी हॉर्न वाजवला. त्याने खिडकीबाहेर बघितलं, आणि त्याचा चेहरा मला दिसला. पडवीत रडलेल्या सुरेशसारखाच होता. म्हणजे हा काही निर्दयपणाने पळत नव्हता. ह्याचंही पाऊल उचलत नव्हतं.

"दिवाळीला नाही जमायचं, आई," तो म्हणाला. "गणपतीलाही नाही. खरं सांगतो. ह्या कलमाला पुढचे आंबे लागतील ना, तेव्हा."

अख्खं वर्ष होतं ते. पण खरं होतं, आणि डोळ्यांना दिसेल असं होतं. माझ्या कामात ह्याला चांगला निकाल म्हणतात.

"घाल बूट," मी म्हटलं. "पाय भाजेल."

मग मी तांब्या भरून घेतला आणि त्यांच्याआधी फाटकापर्यंत गेले. गाडी समोर आली तशी पुढून हात हलवला. मुग्धाने काच खाली करून विचारलं, "आजी, पाणी कुणाला?" मी म्हटलं, "रस्त्याला." सूनबाई हसल्या. निखिल हसला नाही, त्याने गाडी थांबवून माझ्या हाताला हात लावला. मग गाडी गेली. वळणाशी तिचा मागचा लाल दिवा लागला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निखिलऽऽ!"

काचा वर गेल्या होत्या. गाडी वळली.

कुंपणापलीकडे शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. चिमटा हातात तसाच धरून म्हणाल्या, "काकू, हाक मारलीत का?"

"मी?" मी म्हटलं. "छे हो. मला तर काही ऐकू आलं नाही."